ओवलेल्या बारा सुया

३ ऑगस्ट, सोमवार

गुंडी,

प्रिय वगैरे लिहीत नाही. लिहिलं तर तूच फिसकन हसशील. फोनच करणार होते, पण फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतेस. पत्रात ओरडता येत नाही, म्हणून पत्र.

सरळ विचारते. तू माझ्या घरात येतेस का?

भुवया चढवू नकोस, ऐक. लेकीला बाळ होणार आहे, ऑक्टोबरच्या शेवटी. हे तुला माहीत आहे, कारण ती तुझ्याशी चोरून बोलते हे मला माहीत आहे. मी बाळासाठी दुपटं शिवायला घेतलंय. अठ्ठेचाळीस तुकडे, सगळे हाताने, मशीनला हात लावलेला नाही. आईच्या निळ्या साडीचे आहेत, ह्यांच्या जुन्या शर्टांचे आहेत, लेकीच्या शाळेच्या गणवेशाचा एक आहे. आणि तुझ्या त्या पिवळ्या फ्रॉकचाही आहे, ज्याची गुंडी तू गिळली होतीस आणि जन्माचं नाव पडलं. चिंध्यांच्या पेटीत तो निघाला तेव्हा फेकणार होते. फेकला नाही. कापडाने काय घोडं मारलंय?

तुकडे जोडून झाले, आता फक्त चारी बाजूंनी पट्टी दुमडून हातशिलाई राहिली आहे. गेल्या मंगळवारी मी वीतभर शिवून दुपटं खुर्चीवर ठेवलं आणि भाजी आणायला गेले. बुधवारी सकाळी हात फिरवला तर शिलाई दोन विती झालेली. बरं, माझी वीतसुद्धा माझी नव्हती. कोणीतरी उसवून पुन्हा घातली होती. बारीक टाके, एकासारखा एक.

आता खरी गोष्ट. पट्टीचा काठ आपल्याकडे धरला की माझी शिलाई उजवीकडून सुरू होते. आईची तशीच होती, जगाची तशीच असते. ह्या शिलाईची गाठ डावीकडे आहे. बोटाला लागते, डोळे मिटूनही कळेल. डावीकडून शिवणारी आपल्या घरात एकच डावखुरी होती. आई तुला म्हणायची, "ही उलट्या गावाहून आली आहे." आठवतंय ना?

आणि सुया. टाचण्यांच्या उशीत बारा सुया, बाराच्या बारा ओवलेल्या, एका रांगेत. लहानपणी शाळेतून आलीस की आईला बारा सुया ओवून ठेवणं हे तुझं काम होतं. ते बाहेरच्या कोणाला माहीत असणार? मी त्या वापरल्या. का नाही वापरायच्या? हल्ली सुयांची नेढीसुद्धा मेली इतकी बारीक काढतात की मुंगीला आत जाता यायचं नाही.

मागच्या दाराची एक किल्ली अजून तुझ्याकडे आहे. तू कुठे राहतेस ते लांब नाही, सकाळी गाडीत बसलं की दुपारी पोचता येतं. हे घरी असतात खरे, पण दुकान बंद केल्यापासून आतल्या खोलीत लोकांची घड्याळं उघडून बसतात, बाहेर कोणी ढोल वाजवला तरी मान वर होत नाही. यायचं, शिवायचं आणि जायचं, सहज जमेल.

का करतेस हे, तेवढं सांग. चांगुलपणा दाखवायचा असेल तर नको. तीन वर्षांपूर्वी तुझ्या हाताने जे झालं ते पुरे झालं. भर मांडवात, शे-दीडशे माणसांसमोर, माझ्या लेकीने हात वर केला आणि तिची बाही खांद्यापासून सुटून कोपरावर आली. पोशाख मी शिवला होता, दीड महिना. आदल्या संध्याकाळी इस्त्रीला तू घेऊन गेली होतीस. तुला शिवायला दिला नाही म्हणून तोंड फुगवून बसली होतीस, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मी तेव्हा बोलले ते बोलले, शब्द मागे घेत नाही. ती बाही अजून माझ्याकडे आहे, बिस्किटांच्या डब्यात, कुलूप लावून. पुरावा आहे तो.

बाळाच्या दुपट्याला माझ्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही. किल्ली पाठवून दे.

ताई


१४ ऑगस्ट, शुक्रवार

गुंडी,

किल्ली मिळाली. सोबतचा कागदही मिळाला. केवढं लिहिलंस गं, हात दुखले असतील! "ताई, तीन वर्षांत तुझ्या गल्लीतसुद्धा आले नाही. कोण शिवतं ते घरातच शोध. आणि तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका ओळीत चारच शब्द?"

पेन जाड आहे. झालं समाधान?

मी विचारते एक आणि तू शोधतेस भलतंच. अक्षराचं काय घेऊन बसलीस? किल्ली माझ्या कपाटात असतानाही दुपट्याची एक अख्खी बाजू पुरी झाली, त्याचं बोल. परवा भाजी घेऊन आले आणि हात फिरवला, तर कोपऱ्यापर्यंत शिलाई. कोपरा असा दुमडलाय की मलाही इतका टोकदार जमला नसता. गाठ पुन्हा डावीकडे.

तुझ्या कपडे दुरुस्तीच्या दुकानाशेजारी किल्ल्या बनवणारा बसतो, असं लेक एकदा बोलून गेली होती. मी विसरलेली नाही. एक किल्ली परत करायची आणि दुसरी ठेवायची, मला काय दुधखुळी समजलीस?

ह्यांना विचारलं, "दुपारी कोणी आलं होतं का?" म्हणाले, "नाही, कोणी नाही." मान खाली घालूनच म्हणाले. त्यांना म्हटलं, घरातून उद्या मला उचलून नेलं तरी तुम्ही म्हणाल, कोणी नाही. त्यावर नुसते हसले. पस्तीस वर्षं मी टेबलाच्या ह्या बाजूला शिवते आणि ते त्या बाजूला बसून लहान लहान चाकं चिमट्याने उचलतात, आणि अजून मला कळत नाही की हसतात ते माझ्यावर की माझ्यासाठी.

तू नसशील तर मग दुसरं एकच माणूस उरतं. बँकेत काम करणारी एक बाई माझ्याकडे दर गुरुवारी भरतकाम शिकायला येते. मी तिला बँकवालीच म्हणते. मोठी गोड बोलते. हल्ली सारखी म्हणते, "काकू, मी देऊ का करून?" "काकू, प्रकाशात बसा ना." मला प्रकाशात बसवणारी ही कोण? एवढा पुळका कशाला? ती डावखुरी नाही, पण आजकाल काय, शिकतं कोणीही काहीही.

तुझं तू खरं सांग. माझं मी बघून घेते.

ताई


२२ ऑगस्ट, शनिवार

गुंडी,

तुझं उत्तर नाही. नसू दे. तरी सांगते, कारण हे सांगण्यासारखं दुसरं माणूस मला नाही, हा माझ्या नशिबाचा भाग.

दुसरी बाजूही पुरी झाली, म्हणून सापळा लावलाय. शिंप्याचा निळा खडू घेतला, किसणीवर किसला आणि राहिलेल्या दोन बाजूंच्या पट्टीच्या आतल्या अंगाला चोळून ठेवला. वरून काही दिसत नाही. पट्टी दुमडायला जो घेईल त्याच्या बोटाला लागणार. निळा खडू चिवट असतो, साबणालाही दाद देत नाही. लहानपणी तू तो ओठांना लावून आईसमोर मेल्याचं सोंग केलं होतंस, आणि आईने दोन दिवस तोंड घासलं होतं तुझं. त्यावरूनच सुचलं.

आता डोळ्यात तेल घालून बसले आहे.

ताई


२८ ऑगस्ट, शुक्रवार

गुंडी,

सापडली. काल बँकवाली खुर्चीवर बसायला म्हणून दुपटं उचलून बाजूला ठेवते आणि पाच मिनिटांनी स्वतःच म्हणते, "अगंबाई, काकू, माझी बोटं निळी कशाने झाली?" मी म्हटलं, आता कळलं मला कशाने झाली ती. पुढच्या गुरुवारपासून येऊ नकोस.

ती रडली. म्हणाली, "काकू, मी आत्ताच उचललं ते." दारापर्यंत जाऊन परत आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही एकदा डॉक्टरकडे जाऊन या." उद्धटपणा बघ! हे बाहेर आले, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या. तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. एवढा वेळ काय बोलत होते कोण जाणे.

तुझ्यावर घेतलेला आळ तूर्त मागे घेते. दुपट्यापुरताच. बाहीचा नाही.

ताई


११ सप्टेंबर, शुक्रवार

गुंडी,

हे पत्र तीनदा फाडलं. आता कसंही असो, संपवते. ओळी वरखाली जातील. एकमेकींवर चढल्या तर अंदाजाने वाच.

बँकवाली गेली, तरी शिलाई थांबली नाही. तिसरी बाजूही झाली. मी वेड्यासारखी मागचं दार चार-चारदा बघत होते. एकदा भाजीला जाते म्हणून निघाले आणि गल्लीच्या टोकाला अर्धा तास उभी राहिले. घराकडे कोणी आलं नाही. खडू मी तसाच ठेवला होता, उलट आणखी चोळला.

काल लेक आली. आठवा लागलाय, धापा टाकत आली. आम्ही तिघं टेबलाशी चहा घेत होतो. मी इथे, हे माझ्यासमोर, ती मधे. आणि ती एकदम खो-खो हसायला लागली. "बाबा, डोळ्याला काय लावलंय हे? निळं वर्तुळ!"

हे म्हणाले, "लागलं असेल काहीतरी." आणि रुमाल शोधायला लागले.

ती म्हणाली, "अहो, परवा व्हिडिओ कॉलवर बोललो तेव्हाही होतं. मला वाटलं सावली पडली. आई, तू दोन दिवस समोर बसतेस आणि सांगितलं नाहीस होय त्यांना?"

गुंडी, मला दिसलं नव्हतं.

दोन दिवस हा माणूस उजव्या डोळ्याभोवती रुपयाएवढं निळं कडं घेऊन माझ्यासमोर बसला, चार वेळा जेवला, आणि मला दिसलं नाही. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग त्यांनी निळ्या बोटांनी धरलं होतं, आणि ते लावून माझं दुपटं शिवत होते. चोर पकडायला मी सापळा लावला आणि चोर माझ्या नाकासमोर चहा पीत होता. हातातली बशी मी खाली ठेवली ती टेबलाच्या काठाबाहेर ठेवली. फुटली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. माझं अक्षर मोठं झालं, कारण लहान काढलं तर मला वाचता येत नाही. बघते त्याच्या बरोब्बर मधोमध एक मळका डाग आहे. कडेचं सगळं दिसतं. खिडकी दिसते, दार दिसतं, तुझ्या भावोजींचे दोन्ही कान दिसतात, चेहरा दिसत नाही. मागच्या वर्षी बटणं आणायला जाते सांगून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. तो म्हणाला, पडदा झिजलाय, चष्म्याने सुधारणार नाही, आहे ते सांभाळा. मी घरी आले आणि म्हटलं, हवी ती बटणं मिळाली नाहीत. कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून माझ्या हातातली सुई काढून घेतली असती, प्रेमानेच घेतली असती, आणि मग मी दिवसभर करायचं काय? शिवण म्हणजे माझा वेळ घालवायचा उद्योग नाही गं. मला कापडाशिवाय दुसरं काही धड समजतच नाही. माणसं समजत नाहीत हे तर तू बघितलंसच.

लेक गेल्यावर ह्यांना धरलं. म्हटलं, "हे कधी शिकलात?"

"शिकलो कुठे? समोर बसून बघत आलो."

म्हणून गाठ डावीकडे! माझा हात उजवीकडून डावीकडे जातो, समोर बसणाऱ्याला तो डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो. पस्तीस वर्षं त्यांनी जे समोरून पाहिलं तेच उचललं, काठ मात्र आपल्याकडे धरून. आणि मी त्यावरून तुला फासावर चढवायला निघाले होते. बारा सुयांची गोष्ट मीच त्यांना लग्नानंतर सांगितली होती. त्यांच्या लक्षात राहिली, माझ्या राहिली नाही.

"माझं काम उसवलंत कशाला?" मी विचारलं.

म्हणाले, "टाके सुटे पडत होते. बाळाची बोटं अडकली असती." मग म्हणाले, "तुला कळू द्यायचं नव्हतं. तू खूश होतीस ना शिवताना."

मी विचारलं, "माझं दिसणं कमी झालंय हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

ते रुमालाने भिंग पुसायला लागले. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाले, "लेकीच्या लग्नाच्या आधीपासून."

 उठले, कपाट उघडलं, बिस्किटांचा डबा काढला, कुलूप उघडलं आणि ती बाही त्यांच्यासमोर टाकली. म्हटलं, "लावा भिंग. काय दिसतं ते सांगा. माझी शपथ आहे, एक अक्षर लपवायचं नाही."

त्यांनी फार वेळ बघितलं. मी त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक ऐकत उभी होते. मग म्हणाले, "कात्री लागलेली नाही. दोऱ्याची टोकं तुटलेली आहेत, पिंजलेली. ओढ बसून तुटलाय." पुन्हा बघितलं. "हा तुझा पक्का दोरा नाही. हा टाचणाचा आहे."

टाचणाचा, गुंडी. कच्चा दोरा. माप जुळतंय का बघायला आपण घालतो आणि मग ओढून काढून टाकतो, तो. माझी दोन्ही रिळं साईच्या रंगाची, एकाच खणात, शेजारी शेजारी. मी कच्च्या दोऱ्याने लेकीची बाही पक्की शिवली, दोन-दोनदा शिवली, आणि मला कळलं नाही. तू तर फक्त इस्त्री करून आणली होतीस. घडीसुद्धा मोडू दिली नव्हतीस.

ह्यांच्यावर भडकले. म्हटलं, तुम्हाला संशय होता ना तेव्हाच? मग मांडवात मी तिला नाही नाही ते बोलत होते तेव्हा तोंडाला काय टाके घातले होते? ते म्हणाले, "संशयच होता. खात्री नव्हती. डबा तू कधी उघडू दिला नाहीस. आणि विचारलं असतं तर तू शिवण सोडलं असतंस." माझं शिवण राहावं म्हणून त्यांनी माझी बहीण जाऊ दिली. चुकलेच ते. पण त्यांनी तुला हाकलली नाही. हाकलली मी. सगळ्यांच्या देखत तुला जळकी म्हटलं, आणि तू एक शब्द न बोलता पिशवी उचलून निघालीस. मला वाटलं, गुन्हा कबूल आहे म्हणून गप्प बसली. तीन वर्षं मी त्यावर मजेत झोपले.

माझं चुकलं. मला माफ कर म्हणायला लाज वाटते, पण म्हणते. माफ कर.

आज सकाळी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला मावशी हवी होती गं आई, तेवढीच." तिच्या सासूलाही फोन केला. मांडवात ती माझ्या शेजारी उभी होती, तिच्यासमोर बोलले तर तिच्यासमोरच परत घेतलं पाहिजे. नंतर बँकवालीकडे गेले, हे हात धरून घेऊन गेले. तिने चहा पाजला. तिला डोळ्यांचं केव्हाच कळलं होतं. मला वाटत होतं मी लपवलंय, आणि तुलाही लांबून पहिल्याच पत्रात कळलं.

ताई


२१ सप्टेंबर, सोमवार

गुंडी,

उत्तर आलं नाही. मी रोज फाटकाशी जाते, पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. त्याचा हात मला दिसतो, कडेने. तू लिहावंस असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तीन वर्षं मी कुठे लिहिलं होतं?

सोबत एक पुडकं आहे. त्यात तीन वस्तू आहेत.

पहिली, बाही. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या दुकानातल्या दिव्याखाली धर आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग जाळ, ठेव, पायपुसणं कर, तुझी आहे.

दुसरी वस्तू, दुपटं. तीन बाजू तुझ्या भावोजींच्या आहेत. चौथी मी परवा शिवली. ह्यांना बजावलं, हिला हात लावायचा नाही. वाकडीतिकडी आहे, मधे दोन ठिकाणी चिमटा बसलाय, बाळाची बोटं अडकतील हे खरंच आहे. मी पंचेचाळीस वर्षं शिवते आणि आता असं शिवते. ते तुला दाखवायचं होतं. आजवर हे कोणाला दाखवलं नाही. बघून झालं की उसव आणि तुझ्या पद्धतीने घाल, डावीकडून. लेकीला सांगितलंय, दुपटं मावशी घेऊन येईल. नाही जमलं तर टपालाने पाठव, मी तिला काहीतरी सांगेन. खोटं सांगायची मला सवय आहे.

तिसरी वस्तू त्या पिवळ्या पिशवीत आहे. तुझ्या फ्रॉकचा उरलेला तुकडा होता, त्याची केली. मागच्या दाराची किल्ली आहे आत. तोंड शिवून टाकलंय, पण कात्री शोधू नकोस. कच्च्या दोऱ्याने शिवलंय. ह्या वेळी मुद्दाम. रीळ ह्यांच्याकडून दोनदा तपासून घेतलं. नुसतं ओढलंस तरी उसवेल.

ताई